लोणारच्या काचेतले दहा चरे

लोणारचं वय किती, हे तिथल्या काठावर उभं राहूनच विचारावं. वाटाड्या छातीठोकपणे बावन्न हजार वर्षं सांगतो. जुन्या पुस्तकांवर वाढलेले मास्तर पन्नास हजारांच्या आत म्हणतात. इंजिनिअरिंगचा एखादा पोरगा मोबाइल पुढे करून पाच लाख सत्तर हजार दाखवतो, आणि आणखी खोदत गेलं तर पंधरा हजारही सापडतात. एका खड्ड्याची ही चार वयं, आणि यातलं एकही कुणी हवेतून काढलेलं नाही. प्रत्येकामागे लोणारच्या काचेचे चार कण आहेत आणि ते हाताळणारी शहाणी माणसं आहेत. भांडणाचं मूळ एकच आहे. उल्का आदळली तेव्हा खडकाच्या पोटातली जुनी नोंद किती पुसली गेली आणि किती शिल्लक राहिली?

मी लोणारचा नाही, वर्ध्याचा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण खात्यात भूवैज्ञानिक म्हणून नोकरी केली आणि आर्वी, सेलू, देवळी, समुद्रपूरकडच्या वावरांतून विहिरींना जागा दाखवत हिंडलो. पण दगडाच्या नात्याने लोणार आम्हाला परकं नाही. आमच्या काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली फत्तर, आणि तो फत्तर म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेला दख्खनचा लाव्हा. लोणारचा खड्डा याच दगडात पडला. आता तर समृद्धी महामार्गावर येळाकेळीला चढायचं आणि मेहकरला उतरायचं, की लोणार हाकेच्या अंतरावर. वाटेत रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांच्या भिंतींकडे जरा बघत जा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले दिसतात, अधूनमधून गेरूसारखा तांबडा पट्टा. पृथ्वीवर बसाल्टमध्ये पडलेले उल्कांचे खड्डे मोजकेच आहेत आणि त्यांतला इतका नीट राहिलेला दुसरा मिळणं कठीण. चंद्राचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बसाल्टचाच, म्हणून चंद्रावरच्या दगडांचा अभ्यास करणारे लोक बुलढाणा जिल्ह्याचं नाव घेत राहतात.

दगडाला बसलेला आघात म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी विहिरीने शिकवलं. मुरूम संपून फत्तर लागला की ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर यायचा, जॅकहॅमरने भोकं पाडायची, जिलेटिनच्या कांड्या ठासायच्या आणि सगळ्यांनी बांधाआड पळायचं. धूर विरल्यावर यारीने माणूस खाली उतरायचा. सेलूकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वैतागून म्हटलेलं अजून कानात आहे, ‘‘इतली बारूद भरली साहेब, पण फत्तर काही फुटून नाही राहिला.’’ फुटलेला असायचा, पण किती? भोकाच्या कडेला बोटभर जाडीचा दगड पीठ झालेला. त्याबाहेर चहूकडे गेलेल्या भेगा. त्याच्याही पलीकडे हातभर अंतरावर दगड जसाच्या तसा. कडेचा एखादा तुकडा हातभिंगाखाली धरला, की त्यातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पांढुरक्या काड्या तडकलेल्या दिसत. पण त्या काड्याच असत, त्यांची चमक गेलेली नसे. सुरुंगाच्या भोकात क्षणभर काही दहा हजार वातावरणांचा दाब होतो आणि तो वीतभरात ओसरतो. तेवढ्याने स्फटिक तुटतो, पण बदलत नाही.

लोणारला तो बदलला आहे. तिथल्या काही दगडांमध्ये प्लॅजिओक्लेजच्या काड्यांचा आकार, कडा, सगळं शाबूत आहे, पण आत स्फटिकाची रचनाच राहिलेली नाही. न वितळता, जागच्या जागी, तिची काच झाली आहे. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. हा पदार्थ विज्ञानाला पहिल्यांदा भेटला तोही आपल्याच देशातून. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटीला एक अशनी पडला, त्याचा तुकडा व्हिएन्नाला पोचला, आणि गुस्ताव चेर्माक यांनी 1872 मध्ये त्यातल्या या काचेचं वर्णन केलं. शेरघाटीचा तो दगड मंगळावरून आलेला होता, हे कळायला पुढे शंभरावर वर्षं जावी लागली. बसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेजची अशी काच व्हायला दोन ते चार लाख वातावरणांचा आघात लागतो. आठ लाखांच्या वर गेलं की सगळा दगडच वितळतो. हे आकडे लोणारच्याच दगडांवरून आणि प्रयोगशाळेत बसाल्टवर गोळ्या झाडून 1976 मध्ये सुझन कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवले.

इतका आघात सोसलेला दगड बघायला आम्हा वर्धेकरांना लोणारपर्यंत जायचीही गरज नाही. कारंजा (घाडगे) तालुका ओलांडला की काटोल. 22 मे 2012 च्या भर दुपारी तिथे आकाशातून दगड पडले, सुमारे तेरा किलोंचे. त्यांच्यातल्या बारीक काळ्या शिरांमध्ये आयआयटी खरगपूरच्या सुजय घोष यांच्या गटाला ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात खोल, जिथे आपण कधीही पोचणार नाही, तिथे हे खनिज सगळ्यांत जास्त आहे. ते तयार व्हायला 23 ते 25 गिगापास्कल, म्हणजे अडीच लाख वातावरणांच्या आसपास दाब लागला असावा. हा मार काटोलच्या जमिनीवर आपटून बसलेला नव्हे. तो अवकाशात दोन दगडांच्या टकरीत आधीच बसला होता. आपल्या वावरात पडला तेव्हा तो तसा निवांत झालेला दगड होता.

लोणारच्या खड्ड्याचा उलगडा मात्र सरळ झाला नाही. तिथल्या लोकांकडे स्वतःचं उत्तर आहेच. लवणासुर पाताळात दडला, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, आणि जिथे मारलं तिथे खारं पाणी साचलं. आमच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरिदांच्या दर्ग्याजवळ गोटीएवढे, जायफळाएवढे गोल दगड मिळतात; फकिराची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे ते दगड झाले, असं सांगतात. भूवैज्ञानिकाच्या लेखी ते लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेलं झिओलाइट. दोन्ही गोष्टी मला आवडतात, कारण दगड पाहून इथे काहीतरी घडून गेलंय हे ओळखण्याची नजर दोन्हींत आहे. फक्त कधी घडलं, ते दंतकथा सांगत नाही आणि तिला कुणी विचारतही नाही.

विचारणारे नंतर आले. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला आला आणि त्याने हे ठिकाण युरोपच्या नजरेला आणलं. भोवती सगळा लाव्हाच, त्यामुळे पुढच्या भूवैज्ञानिकांना हा ज्वालामुखीचाच प्रताप वाटला, आणि ते साहजिक होतं. खरी गंमत 1896 ची. अमेरिकेचे फार मोठे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांना ॲरिझोनातला एक खड्डा सतावत होता. तो उल्केने झाला असेल का, याचा त्यांनी प्रामाणिक शोध घेतला, लोखंडाचा गोळा जमिनीखाली मिळत नाही म्हणून शंका सोडून दिली, आणि वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढताना साक्षीला उभं केलं ते लोणारला. ज्वालामुखीच्या प्रदेशात तसाच एक गोल खड्डा आहे ना, मग झालं! पुढे ॲरिझोनाचा खड्डा उल्केचाच निघाला आणि साक्षीदारही त्याच जातीचा निघाला. एवढ्या बुद्धिमान माणसाच्या तर्कात खोट नव्हती. पुराव्याची जातच तोवर माहीत नव्हती.

ॲरिझोनात 1960 मध्ये कोएसाइट हे क्वार्ट्झपासून आघाताने बनणारं खनिज सापडलं आणि वाद मिटला. बसाल्टमध्ये क्वार्ट्झ नावालाच, त्यामुळे लोणारला ती वाट बंद होती. साठीच्या दशकात एक गट उल्का म्हणत होता, दुसरा ज्वालामुखी. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सरोवराच्या तळात बोअर घेतले. सुमारे शंभर मीटर गाळाखाली चुराडा झालेला दगड लागला, आणि त्यात मॅस्केलिनाइट. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्मिथसोनियनचे कर्ट फ्रेडरिक्सन, भारतीय सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम आणि अमेरिकन सर्वेक्षणाचे मिल्टन यांचा लेख आला, आणि ज्वालामुखीचा पक्ष बसला तो बसलाच. त्याच लेखात पन्नास हजार वर्षांच्या आतलं वय होतं. ते वय मोजलं होतं काचेतल्या चऱ्यांवरून.

हे चरे म्हणजे काय, ते थोडं थांबून सांगतो.

प्रत्येक दगडात थोडंफार युरेनियम असतं. त्याचे अणू क्वचित, कुणी न छेडता, आपणहून दुभंगतात. 1940 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्ल्योरोव्ह आणि पेत्रझाक यांनी हे पकडलं, आणि आकाशातून येणाऱ्या किरणांचा गोंधळ टाळायला त्यांनी मोजणी मॉस्कोच्या मेट्रोच्या बोगद्यात खोल जाऊन केली. अणू दुभंगला की त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन ओरबाडत जातात. मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात, आणि दगडात एक सरळ विस्कटलेली रेघ उरते. लांबी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्शाएवढी, जाडी काही अणूंची. 1959 मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलला सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकात या रेघा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. तीन वर्षांत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्राइस आणि वॉकर यांना सोपी युक्ती सापडली. दगड आम्लात बुडवायचा. विस्कटलेल्या जागी आम्ल जास्त वेगाने खातं, रेघ रुंदावते, आणि कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसते. अभ्रकात ती सुईसारखी दिसते, काचेत शंकूसारखा खळगा. आमच्या व्यवसायात या रेघांना सरळ ‘फिशन ट्रॅक’ म्हणतात. मी इथे चरे म्हणतो. चरे मोजा, युरेनियम किती आहे ते मोजा, वय काढा.

या कामात मुंबई मागे नव्हती, हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत असतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळापासून वैश्विक किरणांचे माग फोटोच्या जाड लेपात टिपून मोजणारी माणसं घडली होती. तीच नजर देवेंद्र लाल यांच्या गटाने अशनींच्या आणि पुढे चंद्रावरच्या दगडांच्या स्फटिकांवर लावली. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या नमुन्यांवरच्या त्यांच्या लेखांत भंडारी, भट, राजगोपालन, ताम्हाणे, वेंकटवरदन अशी नावं दिसतात. यातले वेंकटवरदन म्हणजे पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले तेच. 1972 मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचे संचालक म्हणून गेले आणि हे कामही तिकडे सरकलं. नरेंद्र भंडारी हे नाव लक्षात ठेवा, ते लोणारला पुन्हा येणार आहे.

चऱ्यांची एक मोठी अडचण सगळ्यांना सुरुवातीपासून माहीत होती. दगड तापला की चरे भरून येतात. विस्कटलेले अणू हळूहळू जागेवर बसतात, रेघ आखूड होते, मग नाहीशी. काचेत तर हे साध्या हवामानातही, हजारो वर्षांत, थोडं थोडं होत राहतं. मग दाबाचं काय? 1965 मध्ये फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी तेही तपासलं. दाब सावकाश चढवला आणि धरून ठेवला तर चऱ्यांना फारसं काही होत नाही. उष्णतेपुढे त्याची मातब्बरी नाही. जमिनीत खोल गाडल्या गेलेल्या खडकाच्या दृष्टीने हे बरं झालं, कारण हिशेबात फक्त तापमान धरलं की पुरतं.

पण उल्का सावकाश दाबत नाही. 1970 मध्ये कॅलटेकचे थॉमस अहरेन्स यांनी फ्लायशर, प्राइस आणि वुड्स यांच्यासोबत काचेच्या आणि सिलिकेट खनिजांच्या नमुन्यांवर आघाताची लाट सोडून पाहिली, आणि चरे पुसले गेले. स्थिर दाबाला जे जमलं नाही ते आघाताने सेकंदाच्या काही लाखाव्या भागात केलं. याला कारण आहे. लाट पुढे सरकते तेव्हा दगड सगळीकडून सारखा दाबला जात नाही. तो एका दिशेने चेपला जातो, थर थरावर घसरतात, अणू जागचे हलतात. आणि लाट निघून गेल्यावर, दाब उतरल्यावर, दगडात उष्णता मागे राहते. चऱ्याला हे सगळं एकदम सोसावं लागतं.

लोणारच्या दृष्टीने याचा अर्थ लावू. 6.6 कोटी वर्षं या बसाल्टच्या खनिजांत चरे जमत होते. मग एका क्षणी आघात झाला. खड्ड्यापासून लांबच्या दगडाला धक्का जाणवला, चरे तसेच राहिले. अगदी केंद्राजवळचा दगड वितळून त्याची काच झाली, तिथे पाटी कोरी. मधल्या पट्ट्यात चरे काही गेले, काही आखडले, काही राहिले. या मधल्या दगडाचं वय काढलं तर येणारा आकडा ना बसाल्टचा ना खड्ड्याचा, कुणाचाच नाही. आणि हातात घेतलेला तुकडा मधल्या पट्ट्यातला की आतल्या, हे लोणारला नेहमीच डोळ्यांना कळतं असं नाही. काचेच्या गोळीतही न वितळलेले बसाल्टचे कण अडकलेले असतात.

आता जरा हिशेब करतो, नोकरीतली सवय. बसाल्टमध्ये युरेनियम फारच कमी, दहा लाख भागांत एक भागही नाही. त्याचा तिसरा हिस्सा धरू. पन्नास हजार वर्षांत अशा काचेच्या एक चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर किती चरे यावेत? साधारण नऊ, फार तर दहा. आम्लाच्या कामात काही निसटतात, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. हाताच्या नखाएवढ्या जागेत दहाच्या आत. आता तोच दगड 6.6 कोटी वर्षांचा धरा, चरे विरून गेले नाहीत असं समजा. तर त्याच नखाएवढ्या जागेत अकरा-बारा हजार. म्हणजे आघाताने हजारातले नऊशे नव्व्याण्णव चरे पुसले आणि एकच ठेवला, तरी नव्यांपेक्षा जुने जास्त भरतात आणि वय दुपटीच्या वर जातं. हजारात एक! एवढी सफाई निसर्गाकडून मिळाली तरच पन्नास हजार म्हणता येतं. म्हणून फक्त पूर्ण वितळलेली, स्वच्छ काच घ्यायची, आणि ती घेतली की चरे इतके विरळ की मोजताना माणूस कंटाळून जावा.

जर्मनीत रीझच्या खड्ड्याला हा त्रास झाला नाही. तिथल्या खडकांत युरेनियम जास्त, आणि खड्डा सुमारे 1.48 कोटी वर्षांचा, त्यामुळे चरे भरपूर. हायडेलबर्गच्या वोल्फगांग गेंटनर यांनी साठीच्या दशकात तिथल्या काचेचं आणि शेकडो किलोमीटर दूर चेक प्रदेशात मिळणाऱ्या हिरव्या मोल्डाव्हाइट काचेचं वय एकच असल्याचं दाखवून दिलं. त्याच हायडेलबर्गच्या परंपरेतले डीटर श्टोर्त्सर यांनी ख्रिश्चन कोबर्ल यांच्यासोबत 2004 मध्ये लोणारच्या काचेवर चऱ्यांचं काम पुन्हा केलं. उत्तर आलं, पंधरा हजार वर्षं, अधिक-उणे तेरा हजार. हसू नका. मूठभर चऱ्यांतून याहून नेमकं काही निघत नाही, आणि त्यांनी ते लपवलं नाही. वर्तमानपत्रं मात्र पंधरा हजार छापतात आणि तेरा हजार गाळतात.

वाटाड्याचे बावन्न हजार वेगळ्या वाटेने आले. किरणोत्साराने दगडात चरेच पडतात असं नाही. काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात, आणि दगड तापवला की उजेड देत सुटतात. आघाताची उष्णता हा साठाही रिकामा करते, मग तो पुन्हा भरू लागतो. 1997 मध्ये सेनगुप्ता, नरेंद्र भंडारी आणि वातानाबे यांनी या पद्धतीने लोणारचं वय 52,000 वर्षं दिलं, अधिक-उणे सहा हजार. चंद्राच्या दगडातले चरे मोजलेल्या माणसाने आपल्या बुलढाण्याच्या दगडाकडे वळावं, याचं मला अप्रूप आहे. तोच आकडा पुढे लोकांच्या तोंडी बसला.

मग 2011 मध्ये फ्रेड जोर्दान आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनवर आधारलेली पद्धत लावून 5,70,000 वर्षं, अधिक-उणे 47,000, असा आकडा दिला आणि मोठी खळबळ उडाली. पोटॅशियमपासून आर्गॉन वायू बनतो, वितळल्यावर तो उडून जातो, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते, असं या पद्धतीचं तत्त्व. पण लोणारच्या काचेला वितळून पुन्हा गोठायला फार कमी वेळ मिळाला. 6.6 कोटी वर्षांचा जुना आर्गॉन पुरता निघून गेला का? जोर्दान यांना हा प्रश्न ठाऊक होता. जुना आणि नवा आर्गॉन आकडेमोडीने वेगळा करता येतो आणि तो आपण केला, असं त्यांचं म्हणणं. इथेही दुखणं तेच, चऱ्यांचं होतं ते. तिथे दोन-चार जुने चरे हिशेब बिघडवतात, इथे चिमूटभर जुना वायू. त्यानंतर 2014 मध्ये जपानच्या नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी उघड्या खडकावर वैश्विक किरणांनी बनलेलं बेरिलियम आणि ॲल्युमिनियम मोजलं, आणि वय पुन्हा हजारांत आणलं, सुमारे साडेसदतीस हजार. या पद्धतीला आघाताने काय पुसलं याची पर्वा नसते. खडक उघडा पडल्यापासूनचा काळ ती मोजते, आणि खडक झिजत असेल तर आकडा कमी दाखवते.

मला विचाराल तर माझा कौल हजारांच्या बाजूने आहे. प्रयोगशाळेतला माणूस मी नाही, पण बसाल्ट झिजताना आयुष्यभर पाहिला आहे. आमच्याकडे नाल्याकाठचा फत्तर पावसाळ्यामागून पावसाळे सोलत जातो, गोल होतो, मुरूम होतो. पाच लाख सत्तर हजार वर्षं मान्सून झेलून लोणारचा काठ अजून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच उभा राहील आणि बाहेर फेकला गेलेला राडा दीड किलोमीटरपर्यंत ओळखू येईल, हे मला पटत नाही. आर्गॉनवाल्यांकडे यावर उत्तर असेल, असावंच. पण पाटीवर एकच आकडा लिहायचा आणि तो पोरांकडून पाठ करून घ्यायचा, हे मला आणखीच पटत नाही. सगळे आकडे लिहा, अधिक-उणेसह लिहा, आणि कुठला कशावरून आला तेही एका ओळीत लिहा. आठवीच्या मुलाला ते कळतं.

हा वाद मिटवायचा तर पुन्हा काचच लागणार आहे. स्वच्छ, पूर्ण वितळलेली, जागेची नोंद असलेली काच. ती बहुतेक काठाबाहेरच्या राड्यात आहे. 1979 मध्ये हे ठिकाण राष्ट्रीय भूवारसा ठरलं, 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत गेलं, पण त्या राड्यावर आज लोणार गाव वसलं आहे, शेतं आहेत, घरांचे पाये खोदले जात आहेत. पर्यटक काठावर काळा, फेसासारखा, वजनाला हलका खडा दिसला की खिशात टाकतो आणि घरी शोकेसमध्ये ठेवतो. जागेवरून उचललेला खडा शास्त्राच्या कामाचा राहत नाही. तेव्हा लोणारला जाणाऱ्या प्रत्येकाला विनंती, फोटो काढा, दगड तिथेच राहू द्या. आणि ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे त्यांनी तो नेमका कुठे उचलला हे आठवत असेल, तर एखाद्या भूविज्ञान विभागाला निदान कळवून टाका.